स्वतःच्या मापाचा स्वेटर

वाचकाचे पत्र

"माझे वय ४७ आहे. मी नाशिक रोडला राहते आणि गेली २२ वर्षे एका पतसंस्थेत नोकरी करते. दहाव्या वर्षी आईने हातात सुया दिल्या, तेव्हापासून मी विणते आहे. नात्यातल्या प्रत्येक बाळाचा बाळंतविडा माझ्याकडूनच गेला आहे. पण वर्षभरात या कामावरून माझे मन उडाल्यासारखे झाले आहे. भाचीकडे गेले होते, तर मी दिलेला बाळंतविडा तिच्या कपाटात घडीसुद्धा न मोडता ठेवलेला दिसला. नणंदेने स्वेटर करून मागितला. ६०० रुपयांची लोकर लागली, तिने १,००० रुपये दिले आणि वर म्हणाली, 'बाजारात ७०० ला मिळतो, पण तुझ्या हातचा म्हणून घेतला.' बाजारात स्वस्त मिळतो, हे माझी मुलगीही म्हणते. यजमान म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घे आणि हाच व्यवसाय कर. दिवसभर हाताने काहीतरी घडवणाऱ्या बायका मी मोबाइलवर पाहते आणि तसे सर्जनशील आयुष्य आपल्यालाही मिळावे असे वाटते, पण माझ्या वाट्याला रात्री मागचे आवरून झाल्यावरचा एक तास येतो. स्वतःसाठी मी एकच स्वेटर विणायला घेतला होता, तोही १४ वर्षांपूर्वी. पाठ काखेपर्यंत आली आणि जाऊबाईंच्या बाळाचे काम आले, तेव्हापासून तो सुयांवरच आहे. मी विणकाम सोडावे की नोकरी सोडावी?"

ताई,

दोन्हींपैकी काहीही सोडू नका, हे आधी सांगते आणि मग कारणांकडे वळते.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ३७ वर्षे विणणाऱ्या बाईच्या अंगावर तिने स्वतः विणलेले एकही वस्त्र नाही, आणि जे एक सुरू झाले होते ते दुसऱ्याच्या बाळासाठी बाजूला ठेवले गेले. भाचीचे कपाट, नणंदेचे १,००० रुपये आणि मुलीचे बोलणे या तिन्ही गोष्टी तुम्हाला इतक्या लागल्या, याचे कारण मला इथे दिसते. तुमचे काम चांगले झाले की नाही, हे ठरवणे आजवर नेहमी दुसऱ्याच्या हातात राहिले. ज्याला दिले तो खूश झाला तर काम सार्थकी लागले, नाहीतर वाया गेले, असा हिशेब इतकी वर्षे चालला. विणलेला कपडा खांद्यावर कसा बसतो, धुतल्यावर किती सैल होतो, तिसऱ्या हिवाळ्यात कोपरावर कसा दिसतो, हे स्वतः वापरून पाहण्याची संधी तुम्ही स्वतःला दिलीच नाही. म्हणून माझा सल्ला एकच आहे. पुढचे काही महिने कोणासाठीही काही विणू नका आणि १४ वर्षांपूर्वीचा तो स्वेटर बाहेर काढा. तो कसा पुरा करायचा हे मी शेवटी सविस्तर लिहिते, कारण आजच्या उत्तराचा मुख्य भाग तोच आहे. त्याआधी तुमच्या बाकीच्या प्रश्नांचा निकाल लावू.

पहिला प्रश्न व्यवसायाचा. नणंदेच्या स्वेटरचा हिशेब आपण टाक्यांत मांडून पाहू. ८ नंबरच्या सुयांवर (नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक) मध्यम जाडीची लोकर विणली, तर साधारणपणे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. छाती १०० सेंटिमीटर आणि लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर नुसत्या अंगाचेच ३९,६०० टाके होतात. दोन बाह्या मिळून आणखी १६,००० च्या आसपास धरावेत, म्हणजे एका स्वेटरमध्ये सुमारे ५५,००० टाके झाले. चांगला सराव असलेल्या हाताला मिनिटाला २० टाके हा वेग मी धरते. त्या वेगाने ४६ तास लागतात, आणि त्यात भाग जोडणे, बटणपट्टी, दोऱ्यांची टोके लपवणे यांतले काहीच धरलेले नाही. १,००० रुपयांतून लोकरीचे ६०० वजा केले की ४०० उरतात. तुम्हाला तासाला ९ रुपयांपेक्षाही कमी मिळाले. तासाला अवघे १०० रुपये लावले असते, तरी तो स्वेटर ५,००० रुपयांच्या वर गेला असता. ही रक्कम आनंदाने देणारी माणसे आहेत, परंतु ती थोडी आहेत, विखुरलेली आहेत आणि बहुतेक नात्याबाहेरची आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे म्हणजे छायाचित्रे, मापांची पत्रे, कुरिअर, वेळेचे वायदे आणि परत आलेला माल हे सगळे सांभाळावे लागते. दिवसाचे आठ तास त्यात गेल्यावर हातात सुया किती वेळ राहतील, याचा विचार यजमानांबरोबर बसून करा. त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांना तुमची कला दिसते, ही मोठी गोष्ट आहे. पण निवृत्तीला अजून बरीच वर्षे असताना ठरलेला पगार सोडून या मिळकतीवर उभे राहा, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

पैसे मिळवण्याची इच्छा मनात असेलच, तर स्वेटरऐवजी शिकवणीकडे पाहा. शनिवारी दुपारी चार-पाच जणींना शेजारी बसवून टाके घालायला शिकवलेत, तर त्या दोन तासांची मिळकत विकलेल्या स्वेटरच्या तासांपेक्षा कितीतरी चांगली असेल. तुमच्या आईचा हात त्यातून पुढे जाईल, तो लाभ वेगळाच. विकायचेच असेल तर टोपडे, मोजे अशा लहान वस्तू विका, कारण त्यांचे काम काही तासांत आटपते आणि वेळेचा मोबदला किंमतीत मावतो. नात्यात मात्र यापुढे विक्री नको. नात्यात द्यायचे तर मनापासून भेट म्हणून द्यावे, नाहीतर नम्रपणे नाही म्हणावे. निम्म्या किंमतीतला मधला रस्ता दोघांनाही कडू करतो. देणाऱ्याला आपण जास्त दिले असे वाटते आणि घेणाऱ्यालाही तसेच वाटते.

मुलीचे म्हणणे खोटे नाही, म्हणून त्याला रागाने उत्तर देऊ नका. यंत्राशी किंमतीत बरोबरी करण्याचा प्रयत्न हाताने विणणाऱ्यांनी फार पूर्वीच करून पाहिलेला आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या काल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकाने १५८९ मध्ये पायमोजे विणणारी चौकट तयार केली. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल, म्हणून राणी पहिल्या एलिझाबेथने त्याला हक्काची सनद नाकारली, अशी कथा सांगितली जाते. नाकारले तरी यंत्र थांबले नाही. आज आपल्या बाजारात दिसणारे बरेचसे स्वेटर लुधियानाच्या यंत्रांवरून उतरलेले असतात, आणि ते ७०० रुपयांत मिळतात यात कष्टकरी माणसाची सोयच आहे. दुकानातल्या स्वस्त स्वेटरला नावे ठेवून हातविणीचा मान वाढत नाही.

फरक कुठे आहे, तो मुलीला प्रत्यक्ष दाखवा. तिचा एखादा जुना, स्वस्तातला स्वेटर उलटा करा आणि बगलेची शिवण पाहा. पुष्कळदा तिथे ओव्हरलॉकची, म्हणजे कापलेली कड दोऱ्याने गुंडाळून बंद करणारी शिलाई दिसेल. याचा अर्थ, यंत्रावर विणलेले सलग कापड कात्रीने बेतून तो स्वेटर शिवलेला आहे. तो उसवायला गेलात, तर प्रत्येक ओळीला हातभर लांबीचा एक तुकडा हाती येतो, कारण प्रत्येक ओळ कडेला कापली गेलेली आहे. आता तुमच्या हातचा स्वेटर घ्या. त्याचे शेवटचे टोक सोडवून ओढले, तर एकेक भाग सरसर उलगडतो आणि दुकानातून आणलेला गुंडा जसाच्या तसा परत मिळतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार 'गॅन्सी' नावाचे घट्ट विणीचे स्वेटर वापरत. त्यांच्या बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणत आणल्या जात. त्यामुळे दोर ओढून मनगटाची कड झिजली, की तेवढीच उसवून नव्या लोकरीने पुन्हा विणता येई. कपडा अंगाबरोबर बदलू शकतो, वाढू शकतो, दुरुस्त होऊ शकतो, हा गुण ७०० रुपयांच्या स्वेटरमध्ये नाही. मुलगी तरुण आहे आणि हे तिला कोणी दाखवले नसेल, म्हणून तुम्ही दाखवा.

भाचीच्या बाबतीत मी थोडी तिची बाजू घेणार आहे, राग मानू नका. आपल्याकडे दुकानात ज्याला सरसकट लोकर म्हणतात, ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. त्यात मेंढीच्या लोकरीचा अंश नसतो. थंडीच्या चार-सहा आठवड्यांपलीकडे ती लहान बाळाच्या अंगावर घामट होते. शिवाय जाळीच्या विणीत तान्ह्या बाळाची बोटे अडकतात, म्हणून हल्लीच्या आया जाळीचे कपडे घालायला बिचकतात, आणि त्यांची भीती रास्त आहे. ज्या जाळीच्या नक्षीचे आपल्याला कौतुक वाटते, तीच त्या आईला काळजीची वाटते. भाचीने तो विडा कोणाला दिला नाही, फेकला नाही, घडी करून जपून ठेवला. तिला तो मोलाचा वाटत असेल, फक्त वापरता येत नसेल. यापुढे कोणाला बाळंतविडा द्यायचा झाला, तर आधी विचारा की बाळ कोणत्या महिन्यात, कोणत्या गावी जन्मणार आहे. मग सुती धाग्यात, घट्ट विणीत, वॉशिंग मशीनमध्ये टाकता येईल असे एक दुपटे आणि एक टोपडे करा. सुती धाग्याला लोकरीसारखा ताण नसतो, तो जड असतो आणि वापराने सैल पडतो, म्हणून सुती वस्तू विणताना एक नंबर बारीक सुई घ्यावी.

आता सर्जनशील आयुष्याविषयी. मोबाइलवर तुम्हाला जे दिसते ते त्या बायकांच्या दिवसाचे एक मिनिट असते, आणि त्यांच्यापैकी अनेकींसाठी ते मिनिट दाखवणे हीच नोकरी असते. तुमच्या वाट्याला येणारा तास खरा आहे. त्या तासात काय करता, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ३७ वर्षे तुम्ही पाठ असलेले नमुने विणलेत. टोपड्याचे टाके किती, मोज्याची टाच कुठे वळवायची, हे तुमच्या बोटांना माहीत आहे, आणि डोळे मिटूनही तुम्ही ते काढाल. त्यात कौशल्य पुरेपूर आहे, पण निर्णय एकही उरलेला नाही, आणि तुमचे मन उडाले ते बहुधा इथेच. रंग कोणता, वीण कोणती, अंगाला किती सैल, गळा किती खोल, हे ज्या क्षणी तुम्ही स्वतः ठरवू लागाल आणि चुकल्यावर उसवून पुन्हा ठरवाल, त्या क्षणी तोच एक तास वेगळा होईल. त्यासाठी मोबाइलवर दिसते तशी खिडकीजवळची लाकडी खुर्ची लागत नाही. २०० पानी वही मात्र आणा. तिच्यात प्रत्येक कामाचा नमुन्याचा चौकोन दोऱ्याने टाका, शेजारी सुईचा नंबर, धुण्याआधीचे आणि धुतल्यानंतरचे माप, तारीख आणि लागलेले तास लिहा. मी शाळेत मुलींना शिवण-विणकाम शिकवत असताना ही सवय लावून घेतली. आज त्या वह्या उघडल्या, की कोणत्या वर्षी मी काय चुकत होते हेसुद्धा मला वाचता येते.

आता तुमचा स्वेटर.

१४ वर्षांपूर्वी तुमचे माप ३४ इंच होते आणि आज ४० इंच आहे, असे तुम्ही पत्रासोबतच्या चिठ्ठीत कळवले आहे. ५० ग्रॅमचे ८ गुंडे घेतले होते आणि मोरपिशी रंग आहे, हेही लिहिले आहे. सुयांवरची ती पाठ आता तुम्हाला होणार नाही. ती उसवावी लागेल, आणि उसवताना वाईट वाटून घेऊ नका, कारण त्यातली एक वीतही वाया जात नाही.

आधी लोकर कोणती ते ओळखा. बोटभर दोरा घेऊन त्याचे टोक चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. केस जळाल्यासारखा वास आला, जाळ आपोआप विझला आणि राख चिमटीत भुगा झाली, तर ती मेंढीची लोकर आहे. वितळून काळा, कडक मणी तयार झाला, तर अ‍ॅक्रिलिक आहे. खरी लोकर असेल तर तिला कसर लागलेली नाही ना, हे दिव्याखाली धरून पाहा. दोरा जिथे कुरतडल्यासारखा बारीक दिसेल, तिथे तो सरळ तोडून टाका. मग पाठ उसवत उसवत लोकर खुर्चीच्या पाठीवर सैलसर गुंडाळत जा, म्हणजे तिची लड तयार होईल. चार ठिकाणी ती सुती दोऱ्याने सैल बांधा. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी दिसते, आणि तशीच विणली तर टाके एकसारखे पडत नाहीत. म्हणून लड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. खालच्या टोकाला एखादा हलका हँगर अडकवला, तर कुरळेपणा जाईल. खऱ्या लोकरीला कढत पाणी आणि चोळणे अजिबात नको, कारण तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि लोकर नमद्यासारखी थापली जाते. अ‍ॅक्रिलिकचा कुरळेपणा पूर्ण जाणार नाही, पण विणून एकदा धुतल्यावर फरक दिसत नाही.

तुम्ही आजवर पाठ, दोन पुढे आणि बाह्या वेगवेगळ्या विणून जोडत आलात, आणि जोडकाम तुम्हाला सर्वांत कंटाळवाणे वाटते असे चिठ्ठीत म्हटले आहे. म्हणून हा स्वेटर बटणांचा करू नका, डोक्यातून घालायचा करा आणि गोल सुईवर, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर विणा. गोल विणीत उलट ओळ येतच नाही, सलग सुलट विणत गेले की साधी वीण तयार होते आणि बगलेला शिवण राहत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी अशा स्वेटरसाठी टक्केवारीची एक पद्धत सांगितली. मला ती फार आवडते, कारण ती हातात आली की छापील नमुन्याची गरज संपते. छातीभोवतीच्या टाक्यांना शंभर टक्के मानायचे आणि बाकी सगळे त्यावरून काढायचे, इतकीच ती पद्धत आहे.

तुमच्यासाठी मी ती मांडून देते. ४० इंच म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर, त्यात सैलपणासाठी ६ मिळवले की १०८ झाले. १० सेंटिमीटरला २२ टाके बसले, तर हिशेब २३८ च्या जवळ जातो. आपण सोपे २४० टाके घेऊ. तुमच्या हाताला २२ बसतात की नाही, हे मात्र आधी तपासा. ३० टाक्यांचा, साधारण १३-१४ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. वेगळे आले तर माझे सगळे आकडे बाजूला ठेवून तुमचा आकडा धरा. घाईत हा चौकोन वगळणाऱ्या कितीतरी मुलींचे महिन्याचे काम मी उसवले जाताना पाहिले आहे.

खालची कड १० नंबरच्या गोल सुईवर एक सुलट, एक उलट अशी ६ सेंटिमीटर विणा. मग ८ नंबरवर येऊन काखेपर्यंत, म्हणजे एकूण ३७-३८ सेंटिमीटरपर्यंत, नुसते सुलट चालू द्या. पतसंस्थेतून थकून आलेल्या रात्रीसाठी हा भाग उत्तम आहे, त्यात काही मोजावे लागत नाही. बाही मनगटापासून सुरू करा आणि मोज्यांसाठी वापरता त्याच दोन्ही टोकांच्या सुया घ्या. मनगटाला २० टक्के, म्हणजे ४८ टाके, आणि दंडाला एकतृतीयांश, म्हणजे ८० टाके. कड संपल्यावर दर ६ ओळींनी दोन टाके वाढवत गेलात, की १६ वाढींत तुम्ही ८० वर पोहोचता. काखेत अंगाच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक बाहीला २०-२० टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा आणि उरलेले सगळे एका गोल सुईवर घ्या. अंगाचे २०० आणि बाह्यांचे ६०-६० मिळून ३२० टाके होतील. इथून गळ्यापर्यंतची उंची सुमारे २४ सेंटिमीटर आहे. अर्ध्या उंचीवर एक ओळ 'दोन सुलट, दोन एकत्र' अशी विणा, २४० उरतील. पाऊण उंचीवर 'एक सुलट, दोन एकत्र' विणा, १६० उरतील. अगदी वर आल्यावर तीच ओळ पुन्हा विणली की १०७ च्या आसपास राहतील. त्यात आणखी काही ठिकाणी दोन टाके एकत्र विणून चाळीस टक्क्यांवर, म्हणजे ९६ टाक्यांवर या. काखेत दोऱ्यावर ठेवलेले टाके शेवटी सुईने एकमेकांत गुंफायचे, जोडकाम एवढेच.

तुमच्याजवळची ४०० ग्रॅम लोकर ३४ इंचाच्या स्वेटरला पुरली असती, ४० इंचाला पुरणार नाही. अजून १०० ते १५० ग्रॅम लागेल, आणि १४ वर्षांपूर्वीच्या रंगाची तीच छटा दुकानात मिळणे कठीण आहे. जवळचा मोरपिशी शोधत हिंडू नका, कारण किंचित वेगळी छटा चुकल्यासारखी दिसते, तर पूर्ण वेगळा रंग ठरवून घेतलेला दिसतो. खालची कड, मनगटे आणि काखेवरचा संपूर्ण गोल भाग दुसऱ्या रंगात करा. मोरपिशीबरोबर मी हळदीसारखा पिवळा घेतला असता. कदाचित तुम्हाला राखाडी आवडेल किंवा जांभळा. मला विचारू नका, मुलीलाही विचारू नका. दोन-तीन रंगांचे एकेक गुंडे आणून दिवसाच्या उजेडात मोरपिशीशेजारी ठेवा, दोन दिवस येता-जाता पाहा आणि स्वतः ठरवा. ३७ वर्षांत तुम्ही स्वतःच्या कपड्यासाठी घेतलेला हा पहिला मोठा निर्णय असेल. चुकला असे वाटले, तर काखेवरचा भाग उसवायला एक संध्याकाळ लागेल.

काखेपाशी पोहोचलात की टाके लांब दोऱ्यावर काढा आणि स्वेटर खरोखर अंगात चढवून आरशासमोर उभ्या राहा. काख ओढत असेल, लांबी कमी वाटत असेल, तर दुरुस्ती याच वेळी होते. दुसऱ्याचे विणताना ही सोय तुम्हाला कधी मिळाली नव्हती.

गळ्याविषयी एक इशारा माझ्या अनुभवातून देते. स्वतःसाठी मी पहिला स्वेटर केला तेव्हा मी ४१ वर्षांची होते. सगळे नीट बसले होते, पण गळ्याचे टाके सवयीने घट्ट बंद केले आणि डोके आत जाईना. रात्री साडेअकराला गळ्याची ती एकच ओळ उसवली आणि सैल हाताने पुन्हा बंद केली. दुसऱ्या दिवशी तो घालून शाळेत गेले. तुम्ही शेवटचे टाके बंद करताना उजव्या हातात ६ नंबरची जाड सुई घ्या, म्हणजे गळा ताणला जाईल आणि परत जागेवर येईल.

तुमच्या हिशेबाने एक तास रोज मिळतो. चौकोन, उसवणे आणि धुणे धरून हे काम ५५ तासांच्या आसपासचे आहे. आता श्रावण सुरू आहे. गौरी-गणपतीचे आणि नवरात्राचे खाडे धरले, तरी दिवाळीच्या सुमारास गळ्याचे टाके बंद होतील. निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या यायला लागतील आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतील, तोवर तो एकदा धुऊन, सावलीत आडवा वाळवून तयार ठेवा. टांगून वाळवू नका, पाण्याच्या वजनाने लांबी वाढते. रंग कोणता निवडलात आणि १० सेंटिमीटरला तुमचे किती टाके बसले, हे मला कळवा. माझ्या २२ पेक्षा वेगळे आले, तर पुढचे सगळे आकडे मी तुम्हाला नव्याने मांडून देईन.